दोषांसकट उडणारे मिग

"हे फार गुळगुळीत झालंय."

पुण्यात माझ्या पुतण्याच्या घरी संगणकासमोर अर्धा तास गप्प बसून राहिलेले एक वयस्क गृहस्थ अखेर एवढेच बोलले. पडद्यावर चंदेरी रंगाचे एक लढाऊ विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे होते. लांबट, नळकांड्यासारखे अंग, नाकाच्या जागी उघडे तोंड, त्या तोंडातून डोकावणारा सुळका आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणी पंख. विमानांतले फारसे न कळणाऱ्यानेही ओळखावे असे ते मिग-२१. पुतण्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि गेली तीन वर्षे रात्री जागून, सुट्ट्या खर्ची घालून हे विमान तयार करतो आहे. धातूचे नव्हे, सिम्युलेटरवर, म्हणजे घरबसल्या विमान चालवण्याचा अनुभव देणाऱ्या संगणकाच्या प्रणालीवर उडवता येईल असे.

ते गृहस्थ ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. १९६९ साली तिथे कामाला लागले आणि साऱ्या हयातीत मिगच्या जोडणीशिवाय दुसरे काही त्यांनी केले नाही. ऐंशीच्या दशकात मी निफाड तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो, तेव्हा त्यांचे खाते आमच्याकडे होते. काउंटरवर उभे असताना डोक्यावरून विमान गेले की ते बोलता बोलता थांबत, कान देत, आणि आवाज पार विरल्यावरच पुढचे वाक्य बोलत. मला ती तेव्हा एक लकब वाटे. पुतण्याला विमानाला प्रत्यक्ष हात लावलेला माणूस हवा होता, म्हणून इतक्या वर्षांनी मी त्यांना शोधून काढले होते.

"गुळगुळीत म्हणजे कसं, काका?" पुतण्याने विचारले. "पत्र्याचे सांधे, रिव्हेटा, सगळं फोटोवरून मोजून मोजून घातलंय मी."

"पत्र्याचं नाही म्हणत रे. ते उतरतंय बघ कसं. किती लाडात उतरतंय! आमचं विमान असं उतरत नव्हतं."

पुतण्या ओशाळला. मग त्याने कबूल केले की आधी त्याने ते अवघडच बनवले होते. पण चाचणीसाठी ज्या मित्रांना दिले ते दहा दहा वेळा धावपट्टीवर आपटले, वैतागले आणि म्हणाले, जरा सोपे कर, नाहीतर कोण उडवणार हे? म्हणून त्याने विमानाचा स्वभाव थोडा मऊ केला.

त्या दुपारपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. जुनी वस्तू जपायची म्हणजे तिच्यातला दोषही जपायचा का? आणि तो दोष माणसांच्या जिवावर उठलेला असेल तर?

हा छंद जगभर किती लोकांना आहे याची मला त्या दिवसापर्यंत कल्पना नव्हती. पण त्याचा उगम मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचे गाव आहे. तिथे एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. पोराला विमान शिकायचे होते, पण शिकवणी परवडण्यासारखी नव्हती. १९२९ च्या सुमारास त्याने कारखान्यातल्या ऑर्गनचे भाते आणि पंप घेऊन एक ठेंगणे, लाकडी, आखूड पंखांचे विमान बनवले. आपल्या पेटीचा भाता जसा हवा भरून सुरांना ती पुरवतो, तसे हे भाते हवा भरून त्या खोक्याला पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलते करत. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखेच वापरले गेले. पुढे १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचे काम आले आणि ढगांत, धुक्यात, रात्री उडण्याचा सराव नसलेले वैमानिक एकामागून एक मरू लागले, तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी त्या निळ्या खोक्यात बसून धडे गिरवले. म्हणजे सिम्युलेटर हे खेळणे म्हणून जन्मले, पण त्याला किंमत आली ती माणसे मरू लागल्यावर. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घरातल्या संगणकावर ते आले ते ब्रूस आर्टविक या अभियंत्यामुळे. १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात त्याने याच विषयावर प्रबंध लिहिला, पुढे स्वतःची कंपनी काढली आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याची प्रणाली 'फ्लाइट सिम्युलेटर' या नावाने बाजारात आणली. तेव्हा चार रेघांचे डोंगर आणि दोन रेघांची धावपट्टी एवढाच सारा मामला असे. आज उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी पडद्यावर उभी राहते. पण विमाने आणि जुने तळ आपोआप उभे राहत नाहीत. ते कोणीतरी एकेक करून घडवावे लागतात. त्यातले काही कंपन्या करतात आणि पुष्कळसे माझ्या पुतण्यासारखे झोपमोड करणारे हौशी लोक.

हे काम चालते कसे, ते मी पुतण्याच्या शेजारी बसून पाहिले. सर्वांत आधी आकार. संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानाची शेकडो छायाचित्रे सर्व बाजूंनी घ्यायची, मूळ आराखडे मिळाले तर त्यांच्याशी ताडायची आणि संगणकात त्रिमितीय सांगाडा उभा करायचा. मग त्यावर कातडे चढवायचे. रंग, डाग, उडालेले टवके, तेलाचे ओघळ, चढायची शिडी लावून लावून घासलेली जागा. मग कॉकपिट. प्रत्येक बटण हलले पाहिजे, आणि हलवल्यावर जे व्हायचे तेच झाले पाहिजे. बॅटरी चालू न करता इंधनाचा पंप चालू झाला तर ते चूक. मग आवाज. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत कठीण ते म्हणजे विमानाचा स्वभाव.

स्वभाव म्हणजे आकड्यांची कोष्टके. अमुक वेगाला, अमुक उंचीवर, पंख हवेशी अमुक कोन करत असेल तर उचल किती, हवेचा विरोध किती, नाक किती जोराने वर किंवा खाली जाऊ पाहील, याचे आकडे. संगणक सेकंदाला कित्येक वेळा ही कोष्टके चाळतो आणि विमान पुढच्या क्षणी कुठे असेल ते ठरवतो. पुतण्याकडे हवाई दलाच्या वैमानिकांसाठी छापलेल्या पण आता गोपनीय न उरलेल्या जुन्या माहितीपुस्तिकेची प्रत आहे. तिच्यात लिहिले असते की इतक्या वजनाला इतक्या अंतरात विमान जमीन सोडते. तो घड्याळ लावून आपले विमान उडवतो आणि अंतर जुळते का ते पाहतो. जुळले नाही तर कोष्टकात परत शोध. मला आमच्या बँकेतली वर्षअखेर आठवली. खतावणीच्या दोन बाजूंत चार आण्यांचा फरक राहिला तरी घरी जायची सोय नसे. आणि चार आणे पदरचे टाकून ताळा जुळवणे हा सर्वांत मोठा गुन्हा. पुतण्याने नेमके तेच केले होते. मित्रांसाठी पदरचे चार आणे टाकले होते, आणि ओझरच्या काकांनी ते एका नजरेत पकडले.

आता या विमानाविषयी. मिग-२१ हे पन्नाशीच्या दशकात सोव्हिएत संघात जन्मलेले, ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे लढाऊ विमान. जगात ते दहा हजारांहून अधिक बनले. भारतीय हवाई दलात ते १९६३ साली चंडीगडला आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच त्याला निरोप देण्यात आला. मधली बासष्ट वर्षे म्हणजे वैमानिकांच्या तीन पिढ्या. साडेआठशेहून अधिक मिग-२१ आपल्याकडे आली, आणि त्यांतली बहुसंख्य आपल्याच देशात घडली. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची विभागणी होती. आधी रशियाहून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून सगळे इथेच, असा क्रम. द्राक्षांच्या मळ्यांमधला तो कारखाना नाशिककरांच्या बोलण्यात नुसता 'मिग' असे. "मिगमध्ये आहे" म्हणजे मुलगा नोकरीला लागला, स्थळ बघायला हरकत नाही.

पुतण्या करतो आहे ते १९७१ च्या युद्धातले एफएल जातीचे मिग. नंतरचे 'बिस' हे रूप २०१४ सालीच डीसीएस नावाच्या सिम्युलेटरसाठी परदेशी मंडळींनी तयार केले आहे. जाणकार त्याची वाखाणणी करतात. पण एफएल वेगळे. त्याच्या अंगात मुळात तोफच नव्हती. केवळ क्षेपणास्त्रांवर लढाया होतील असा त्या काळचा समज होता. तो खोटा ठरल्यावर पोटाखाली वेगळ्या पेटीत तोफ बसवली गेली. असे बारकावे पुतण्याला तोंडपाठ आहेत. कॉकपिट आतून निळसर हिरव्या रंगाचे. आणि समोरच्या तबकड्यांच्या फळीवर मधोमध एक पांढरी उभी रेघ.

ती रेघ बघून मी विचारले, ही सजावट कसली?

उत्तर काकांनी दिले. "साहेब, विमान गरगर फिरत खाली यायला लागलं की माणसाला काही सुचत नाही. तेव्हा हातातली दांडी त्या रेघेला धरून मधोमध आणायची. डोकं चालत नसलं तरी डोळा चालतो."

एवढ्या मोठ्या यंत्राच्या निर्मात्यांनी मान्य केले होते की अशी वेळ येईल. आणि तेव्हा वैमानिकाला आधार म्हणून एक रंगाची रेघ ठेवली होती. मला वाटले, या एका रेघेत त्या विमानाचे सारे चरित्र आले.

कारण हे विमान उडायला जितके देखणे तितकेच उतरायला कठीण. त्रिकोणी, छोटे पंख वेगासाठी केलेले. वेग कमी केला की त्यांची उचल झपाट्याने ओसरते आणि हवेचा विरोध वाढतो. म्हणून ते ताशी तीनशेहून अधिक किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे आणावे लागते. आपल्या हमरस्त्यावरच्या मोटारीच्या तिपटीहून जास्त. त्यातही इंजिन जुन्या पद्धतीचे. जोर कमी केला आणि पुन्हा लागला, तर तो यायला काही सेकंद लागतात. जमिनीपासून थोड्याच उंचीवर ते सेकंद म्हणजे आयुष्य. चाके टेकल्यावर मागे पॅराशूट उघडायचे. ब्रेक हवेच्या दाबावर चालणारे, आणि त्या हवेचा साठाही मर्यादित. पुतण्याने मित्रांसाठी जे मऊ केले होते ते हेच. पंखांची उचल कमी वेगालाही थोडी टिकवली होती आणि इंजिनाला जरा तरतरीत केले होते. पडद्यावर फरक जाणवायचा तो इतकाच की विमान क्षमाशील झाले होते.

आणि खरे विमान क्षमाशील नव्हते, याचा हिशेब या देशाने चुकता केला आहे. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवरच्या चार दशकांत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक गेले होते. जमिनीवरचे नागरिक वेगळे. या आकड्यांत मिग-२१ चा वाटा सर्वांत मोठा. सगळा दोष विमानाचा नव्हता. पक्षी धडकत, सुटे भाग वेळेवर मिळत नसत, आणि नवशिक्या पोरांना संथ प्रशिक्षण विमानावरून थेट या घोड्यावर बसवले जाई. मधल्या पायरीचे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, असे १९८२ सालीच एका समितीने सांगितले होते. ते 'हॉक' विमान प्रत्यक्ष दाखल झाले २००८ मध्ये. या पाव शतकात किती पोरे गेली असतील!

मराठी वाचकांना त्यातले एक नाव आठवत असेल. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. विमान सुरक्षित आहे का, हा प्रश्न त्यांनी जाहीरपणे, पुन्हा पुन्हा विचारला. आणि पुढे गाडगीळ दांपत्याने मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान स्थापन केले. आता सांगा, पडद्यावरचे मिग लाडात उतरू लागले तर उद्या ते उडवणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा काय म्हणेल? "सोपं तर आहे! मग एवढे अपघात झाले कसे?" म्हणजे आपण नकळत त्या पोरांच्या माथी चूक मारून मोकळे होणार. काकांचा आक्षेप मला तेव्हा नीट उमगला. गुळगुळीतपणा हा तिथे केवळ तांत्रिक दोष नव्हता, मेलेल्यांवर अन्याय होता.

बरे, मग हे लोक आजची विमाने सोडून जुन्यांच्याच मागे का लागतात? केवळ गतकाळाची ओढ म्हणून नव्हे. आजच्या लढाऊ विमानाचे खरे आकडे कुलूपबंद असतात. २०१९ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातील न्यायालयात एका रशियन अभियंत्याला शिक्षा झाली. तो सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीत होता आणि एफ-१६ विमानाच्या माहितीपुस्तिका देशाबाहेर नेल्याचा तो खटला होता. तेव्हा प्रामाणिकपणे काम करायचे तर ज्याची गुपिते शिळी झाली आहेत असेच यंत्र घ्यावे लागते. गुपित संपते तिथे इतिहास सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही. पण तोपर्यंत अनेकदा विमान मोडीत गेलेले असते आणि ते उडवणारी, दुरुस्त करणारी माणसेही एकेक करून जात असतात. कागद मिळू लागतो तेव्हा माणूस मिळेनासा होतो. या मधल्या अरुंद पट्टीत हे काम करावे लागते.

याच्या नेमके उलटे उदाहरण कॅनडात आहे. 'ॲव्हरो ॲरो' नावाचे अतिशय देखणे लढाऊ विमान तिथे बनले. मार्च १९५८ मध्ये ते प्रथम उडाले आणि २० फेब्रुवारी १९५९ रोजी सरकारने तो प्रकल्पच रद्द केला. तोवर उडालेली पाचही विमाने तोडून भंगारात काढली गेली. आराखडे नष्ट करण्याचा हुकूम निघाला. केन बार्न्स नावाच्या एका आरेखकाने मात्र काही आराखडे गुपचूप घरी नेऊन ठेवले. दशकानुदशके ते घरातच राहिले आणि २०२० साली सॅस्कटून येथे लोकांसमोर मांडले गेले. हौशी लोकांनी सिम्युलेटरवर ॲरो पुन्हा उडवले आहे. त्यावर ते अजिंक्य भासते. का भासू नये? बिचाऱ्याला आपले दोष दाखवण्याइतके आयुष्यच मिळाले नाही. अल्पायुषी माणसाची जशी फक्त तसबीर उरते तसे ते. आपले मिग बासष्ट वर्षे जगले. त्याचे गुण जगाला कळले तसे अवगुणही. म्हणूनच त्याचे चित्र काढणाऱ्यावर जबाबदारी जास्त.

विमानाइतकाच अवघड भाग म्हणजे विमानतळ. शिकागो शहराच्या तळ्याकाठी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये वर्षानुवर्षे उड्डाण तिथूनच सुरू होई, त्यामुळे अमेरिका कधी न पाहिलेल्या लाखो मुलांना त्याची धावपट्टी आपल्या गल्लीसारखी ओळखीची. मार्च २००३ च्या अखेरीस एका रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. सकाळी विमानतळ संपला होता. आज तिथे उद्यान आहे. विमानतळ उरला तो सिम्युलेटरमध्ये.

लष्करी तळांचे तर विचारूच नका. शीतयुद्धाच्या काळात पूर्व जर्मनीतील मार्क्सवाल्ड येथे मिग-२१ विमानांचा तळ होता. जर्मनी एक झाल्यावर गावाचे जुने नाव, नॉयहार्डेनबर्ग, परत आले आणि २०१२ साली त्या तळावर सौर पॅनेलांचे प्रचंड शेत उभे राहिले. आजच्या उपग्रहछायाचित्रात तळ शोधाल तर काचाच दिसतील. मग जुना तळ कुठून आणायचा? इथे हेरगिरीच कामी येते. अमेरिकेच्या 'कोरोना' या टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात पृथ्वीची छायाचित्रे काढली. फिल्मची डबी अवकाशातून पॅराशूटने खाली सोडायची आणि विमानाने ती हवेतच झेलायची अशी अचाट पद्धत होती. ती आठ लाखांहून अधिक छायाचित्रे १९९५ साली खुली झाली. जे बॉम्ब टाकण्यासाठी टिपले होते ते आज आठवण जपायला उपयोगी पडते आहे. दैवाचे फेरे!

साधनांचा हा सुकाळ पाहून १९७१ ची एक गोष्ट आठवते. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करण्याची कामगिरी मिग-२१ च्या तुकडीवर आली. इमारत नेमकी कोणती हे कळायला वैमानिकांच्या हाती होता तो शहराचा पर्यटकांसाठी छापलेला नकाशा. तेवढ्यावर त्यांनी ती शोधली, रॉकेटे डागली, आणि गव्हर्नरांनी राजीनामा दिला. घरच्या खुर्चीत बसून घराघराचे छप्पर ओळखू शकणाऱ्या पोरांना हे सांगितले पाहिजे. सिम्युलेटरमध्ये खरेपणा आणायचा तर कधी कधी माहिती वाढवून नव्हे, कमी करून आणावा लागतो.

पुतण्याला विमानाबरोबर १९७१ चा भूजचा तळही उभारायचा आहे. त्या डिसेंबरात पाकिस्तानी विमानांनी भूजची धावपट्टी बॉम्बनी फोडली. तळाची सूत्रे स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्याकडे होती. दुरुस्तीला पुरेसे मजूर नव्हते. तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० स्त्रिया पुढे आल्या आणि त्यांनी ७२ तासांत धावपट्टी पुन्हा विमान चालण्याजोगी केली. वरून दिसू नये म्हणून ती शेणाने सारवली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचे, विमाने गेली की पुन्हा घमेली उचलायची. पुतण्याने धावपट्टीची लांबी-रुंदी, बॉम्बचे खड्डे, बराकींची छपरे यांची जुळवाजुळव चालवली होती. मी म्हटले, "आणि त्या बायका?"

तो थांबला. म्हणाला, "काका, एवढी माणसं हलती दाखवायची तर संगणकाला झेपत नाही."

खोटे नव्हते ते. पण या छंदाची मर्यादा तिथे उघडी पडते. धावपट्टी दिसते, ती सारवणारे हात दिसत नाहीत. विमान दिसते, ओझरला रात्रपाळीत त्याच्या पोटात शिरून तारा जोडणारा माणूस दिसत नाही. मला आणखीही एक धास्ती वाटते. पडद्यावर विमान आपटले की एक बटण दाबायचे, लगेच नवे विमान, नवा जन्म. युद्ध इतके स्वच्छ आणि मरण इतके परतफेडीचे झाले तर पोरांच्या मनावर काय परिणाम होईल? पुतण्याचे म्हणणे असे की दहा वेळा आपटल्यावरच त्या वैमानिकांबद्दलचा आदर वाढतो. तो खोटे बोलत नाही. त्याच्याबाबतीत तसे घडलेही आहे. पण त्यासाठी आपटणे खरे असले पाहिजे. विमानाने माफ करता कामा नये.

दोन महिन्यांनी पुतण्याने आम्हाला पुन्हा बोलावले. पदरचे चार आणे त्याने काढून घेतले होते. पुस्तिकेतले आकडे जसेच्या तसे, इंजिनाचा आळस जसाच्या तसा. आणि भूजच्या धावपट्टीच्या कडेला, हलणाऱ्या नव्हेत पण उभ्या, ओणवलेल्या पंचवीस-तीस आकृत्या. हिरव्या साड्यांतल्या. संगणकाला तेवढ्या झेपल्या होत्या.

"काका, बसा. तुम्ही उडवा," त्याने खुर्ची पुढे केली.

काका बसले नाहीत. "मी कधी उडवलंय? आम्ही जमिनीवरचे. नवं विमान पहिल्यांदा वर गेलं की हातातलं काम टाकून बाहेर यायचो आणि ते परत येईपर्यंत उभे राहायचो. तू उडव. मला धावपट्टीच्या बाजूला उभा कर, जमेल का?"

ते जमते. सिम्युलेटरमध्ये नजर कुठेही ठेवता येते. पुतण्याने पडदा धावपट्टीच्या कडेला, माणसाच्या उंचीवर आणला. मिग समोरून गेले, चढले, ठिपका झाले, दिसेनासे झाले. पडद्यावर नुसते आभाळ राहिले. कोणी काही बोलले नाही. काकांनी मान किंचित तिरपी करून कान दिला होता, ऐंशीच्या दशकात बँकेच्या काउंटरवर देत तसा.

मग दूरवर ठिपका दिसला. नाक वर, चाके खाली, घाईत असल्यासारखे ते अंगावर येऊ लागले. पुतण्याच्या कपाळावर घाम होता. एकदा पंख डगमगला, सावरला. चाके टेकली, मागे पॅराशूट उघडले, विमान धावत धावत पार टोकाशी जाऊन थांबले.

"आलं," काका म्हणाले, आणि मग खुर्चीवर बसले.